पीळ आणि ताण : मोटारसायकलच्या स्प्रॉकेटचे बोल्ट कसे आवळावेत

(अक्कलकोट येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली रूपे शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं नट-बोल्टांवर का बोलावं, असं विषय वाचून काहींना वाटलं असेल. त्याचं उत्तर आधीच देऊन टाकू. जे डोळ्यांना दिसत नाही ते आपण दिसणाऱ्या गोष्टीवरून कसं ओळखतो, आणि ते ओळखणं कधी फसतं, हा प्रश्न आम्ही अनेक वर्षं वर्गात शिकवला. हातात पाना घेऊन बोल्ट आवळणाऱ्या माणसापुढं अगदी हाच प्रश्न असतो. फरक एवढाच, की वर्गात अनुमान चुकलं तर दोन गुण जातात. इथं चुकलं तर मागचं चाक जाम होतं.

आपल्या भागात मोटारसायकल ही काही हौसेची वस्तू नाही. तिच्या दोन बाजूंना दुधाचे कॅन लटकतात, तिच्यावरून खताचं पोतं शेतात जातं, आणि नवरा-बायको लेकराला मधे बसवून अक्कलकोटहून गाणगापूरला नाहीतर तुळजापूरला दर्शनाला जातात. मागच्या चाकाला जे दातेरी चक्र असतं, ज्याला गॅरेजमध्ये ‘चेन सॉकेट’ म्हणतात, ते स्प्रॉकेट बहुतेक गाड्यांवर चार ते सहा बोल्टांनी किंवा नटांनी धरलेलं असतं. इंजिनची सगळी ओढ रस्त्यापर्यंत पोचते ती त्यांच्यामधून. त्यातला एक सैल झाला की त्याचा भार शेजाऱ्यांवर जातो, मग शेजारीही सैल होतात. चक्र डुगडुगायला लागतं, साखळी उतरते, आणि उतरलेली साखळी चक्र आणि चौकट यांच्यात अडकली तर धावत्या गाडीचं चाक जागच्या जागी थांबतं. मागं बसलेल्या माणसाला सावरायला वेळच मिळत नाही.

तेव्हा प्रश्न साधा आहे : हे बोल्ट किती आवळायचे, आणि त्यांच्या आट्यांना कोणतं द्रव लावायचं? लोक हे दोन वेगळे प्रश्न समजतात. आमचं म्हणणं असं, की तो एकच प्रश्न आहे. ते कसं, हे आज पाहू.

बोल्ट ही स्प्रिंग आहे

बोल्ट म्हणजे दोन वस्तूंना टोचून ठेवणारा खिळा, अशी आपली समजूत असते. ती सोडून द्यावी लागेल. बोल्ट आवळला की तो लांब होतो, अगदी थोडा, पण होतो. आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा तो परत आखडू पाहतो. त्या आखडण्यामुळं स्प्रॉकेट आणि हब एकमेकांवर दाबले जातात. स्प्रॉकेट जागेवर राहतं ते या दाबामुळं निर्माण झालेल्या घर्षणानं. बोल्टाच्या दांड्याला अडून राहणं हे त्याचं नेहमीचं काम नव्हे.

किती लांब होतो? ८ मिलिमीटरचा, ८.८ वर्गाचा बोल्ट घेऊ. डोक्यावर ‘८.८’ कोरलेलं असतं तो हा. नीट आवळल्यावर त्यात साधारण १६,००० न्यूटन ताण येतो, म्हणजे सुमारे १६०० किलो वजन टांगल्यासारखं. धरलेली जाडी २० मिलिमीटर असेल, तर एवढ्या ताणाखाली बोल्ट सुमारे ०.०४ मिलिमीटर लांबतो. डोक्याच्या केसाची जाडीही साधारण याहून जास्त असते.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यातून आपोआप समजतात. स्प्रॉकेट आणि हब यांच्यामध्ये रंगाचा, गंजाचा किंवा वाळलेल्या चिखलाचा पातळ थर राहिला, आणि गाडी चालल्यावर तो ०.०२ मिलिमीटर दबला, तर बोल्ट फिरलेला नसतानाही त्याचा जवळजवळ अर्धा ताण गेला. आट्यांना कितीही भारी द्रव लावा, ते बोल्टाला फिरू देणार नाही इतकंच. दबलेल्या थरामुळं गेलेला ताण ते परत आणू शकत नाही. म्हणून पहिलं साधन कोणतं, तर तारेचा ब्रश.

मोजतो एक, हवं असतं दुसरं

आता अडचण अशी, की हा ताण आपल्याला दिसत नाही. गॅरेजमध्ये तो थेट मोजायची सोयही नसते. आपण मोजतो तो पीळ, म्हणजे टॉर्क. पान्याच्या टोकाला किती जोर लावला आणि पाना किती लांब, यांचा गुणाकार. २५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे १० किलोचा जोर लावला की साधारण २५ न्यूटन-मीटर पीळ होतो. जुने कारागीर त्यालाच ‘अडीच किलो’ म्हणतात. म्हणायचं असतं अडीच किलो-मीटर.

पिळावरून ताण ओळखायचा, हे अनुमान झालं. आणि पीळ जातो कुठं? साधारण हिशेब असा : निम्मा पीळ बोल्टाच्या डोक्याखालचं घर्षण खातं, ४० टक्के आट्यांमधलं घर्षण खातं, आणि ताण निर्माण करायला उरतो जेमतेम १० टक्के. घर्षण थोडं कमी झालं, की वाचलेला सगळा पीळ ताणाच्या खात्यात जमा होतो आणि ताण एकदम वाढतो.

इथं न्यायशास्त्रातला एक धडा फार उपयोगी पडतो. ‘डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथं अग्नी आहे’ हे अनुमान नैयायिक मान्य करतात. पण उलट, ‘अग्नी आहे, म्हणून धूर आहे’, हे मान्य करत नाहीत. लालभडक तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. धूर येतो तो जळण ओलं असेल तेव्हा. या लपलेल्या अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात. ज्या अनुमानात उपाधी दडलेली असते ते वरवर बरोबर दिसतं आणि नेमक्या वेळी फसतं.

‘इतका पीळ दिला, म्हणून इतका ताण आला’ हे असंच सोपाधिक अनुमान आहे. त्यातली उपाधी म्हणजे आट्यांची अवस्था. ते कोरडे आहेत की तेलकट, गंजलेले की नवे, त्यांवर द्रव आहे की नाही, यावर सगळं अवलंबून आहे.

आकड्यांत पाहू. अभियंते एक सोपं सूत्र वापरतात : पीळ म्हणजे एक घर्षणगुणक, गुणिले बोल्टाचा व्यास, गुणिले ताण. कोरड्या पोलादी आट्यांसाठी हा गुणक साधारण ०.२० धरतात. ८ मिलिमीटरच्या बोल्टाला २५ न्यूटन-मीटर दिले, तर ताण आला सुमारे १५,६०० न्यूटन. हे ठीक. आता त्याच आट्यांना तेल लागलं आणि गुणक ०.१५ झाला. पाना तोच, आकडा तोच, ‘टक्’ आवाजही तोच, पण ताण झाला सुमारे २०,८०० न्यूटन. या बोल्टाची सुरक्षित मर्यादा आहे सुमारे २१,२००. आणि कोणी भरपूर ग्रीस चोपडलं, गुणक ०.१२ वर आला, तर ताण २६,००० जातो. तिथं बोल्ट कायमचा ताणला जातो. स्प्रिंग संपली, तार उरली.

म्हणून ‘आमचा हात बसलेला आहे, अंदाज चुकत नाही’ असं जेव्हा एखादा अनुभवी मिस्त्री म्हणतो, तेव्हा आम्ही त्याच्या हातावर अविश्वास दाखवत नाही. हात खरंच बसलेला असतो. पण त्या हाताला कळतो तो पीळ. उपाधी हाताला कळत नाही. टॉर्क पान्यालाही कळत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. चांगला टॉर्क पाना पीळ ४ टक्क्यांच्या आत अचूक दाखवतो, तरी प्रत्यक्ष ताणात २५ ते ३० टक्क्यांचा फरक पडू शकतो. पान्यानं हाताची चूक जाते. उपाधीची चूक आपण आटे स्वच्छ ठेवून आणि त्यांची अवस्था ठरवून घालवायची असते.

आवळलेला बोल्ट सुटतोच कसा?

आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. १० मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टावर हा चढ फक्त ३ अंशांचा असतो. घर्षण असं, की ८ अंशांच्या उतारावरसुद्धा वस्तू घसरू नये. मग ३ अंशांवर घसरायचं कारणच काय? शांत उभ्या गाडीत बोल्ट वर्षानुवर्षं सुटणार नाही.

याचं समाधानकारक उत्तर जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यानं १९६९ साली मांडलं. त्यानं दाखवलं, की बोल्टाच्या लांबीच्या दिशेनं बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा आडव्या हालचालीनं बोल्ट फार लवकर सुटतो. धरलेल्या दोन वस्तू एकमेकींवर आडव्या सरकू लागल्या, अगदी थोड्या जरी, तरी त्या क्षणी घर्षण त्या सरकण्याला विरोध करण्यात गुंतलेलं असतं. फिरण्याला अडवायला ते उरत नाही. मग तो ३ अंशांचा उतार पुरेसा होतो, आणि प्रत्येक हिसक्याला बोल्ट केसभर उलटा फिरतो.

आपल्याकडं हे कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. जमिनीत घट्ट बसलेला खुंटा सरळ वर ओढून निघत नाही. आडवा हलवला की निघतो. आपण म्हणतो ‘हलवून खुंटा बळकट’, पण बोल्टाच्या बाबतीत ती म्हण उलटी लागू पडते.

आता स्प्रॉकेटकडं या. त्याला दिवसभर आडवेच हिसके बसतात. क्लच सोडला की पुढं, ॲक्सिलरेटर सोडला की मागं, खड्डा आला की दोन्हीकडं. उदाहरणापुरते आकडे घेऊ : पहिल्या गिअरमध्ये मागच्या चाकावर २५० न्यूटन-मीटर पीळ येतो आणि बोल्ट मध्यापासून ४५ मिलिमीटरवर आहेत. म्हणजे बोल्टांच्या वर्तुळावर सुमारे ५,५०० न्यूटन आडवी ओढ. चार बोल्ट, प्रत्येकी १६,००० न्यूटन ताण, घर्षणाचं प्रमाण ०.१५. हे स्प्रॉकेट साधारण ९,५०० न्यूटनपर्यंत सरकणार नाही. फरक भरपूर आहे. पण ताण अर्धा झाला, तर धरण्याची ताकद ४,८०० च्या आसपास येते, आणि ओढ ५,५०० ची. आता चक्र सरकणार, आणि सरकलं की युंकरनं सांगितलेलं सगळं सुरू होणार.

म्हणजे बोल्ट सैल होऊ न देण्याचा पहिला आणि खरा उपाय द्रव हा नाहीच. पुरेसा ताण हा तो उपाय आहे. द्रव ही दुसरी फळी.

बाटलीतलं द्रव काय करतं

या द्रवाची गोष्ट आम्हाला आवडते, कारण तिच्यात एक प्राध्यापक आहे. अमेरिकेत हार्टफर्ड इथल्या ट्रिनिटी कॉलेजात व्हर्नन क्रीबल हे रसायनशास्त्र शिकवत. त्यांचा मुलगा जनरल इलेक्ट्रिक कंपनीत होता. त्या कंपनीत एक विचित्र राळ सापडली होती : हवा लागत असेपर्यंत पातळ, हवा तुटली की घट्ट. ती साठवायची तर तिच्यातून सतत हवेचे बुडबुडे सोडावे लागत. क्रीबल यांनी साठी ओलांडल्यावर या पदार्थावर काम केलं आणि साध्या बाटलीत टिकेल असं द्रव तयार केलं. १९५३ साली कंपनी स्थापन झाली. ‘लॉकटाइट’ हे नाव तिथलं. १९९७ पासून ते जर्मनीच्या हेंकेल कंपनीकडं आहे. याच हेंकेलचा चिकटद्रव्यांचा कारखाना २०२० साली आपल्या सोलापूर-पुणे रस्त्यावर, दौंड तालुक्यातल्या कुरकुंभला सुरू झाला. आपल्या बाजारात ॲनाबॉण्ड, थ्रीबॉण्ड अशा इतर कंपन्यांची द्रवंही मिळतात.

काम कसं चालतं? नट आणि बोल्ट यांचे आटे एकमेकांना सगळीकडं टेकत नाहीत. ते एका बाजूनं टेकतात, बाकी पोकळीच असते. द्रव त्या पोकळीत जातं. तिथं हवा नाही आणि धातू आहे, या दोन गोष्टी जमल्या की ते कडक प्लास्टिकसारखं घट्ट होतं. पोकळी भरल्यामुळं आट्यांना हलायला जागा उरत नाही, आणि पाणी आत शिरत नाही म्हणून गंजही धरत नाही. बाटली पूर्ण भरलेली का नसते, असं विचारतात. कंपनीनं फसवलेलं नसतं. आतल्या हवेमुळंच ते द्रव पातळ राहतं.

यातून आणखी एक गोष्ट कळते. फेविक्विक हा याला पर्याय नाही. तो हवेतल्या ओलाव्यानं सुकतो, ठिसूळ असतो आणि उष्णता सोसत नाही.

कोणता रंग?

लॉकटाइटची रूढ वाटणी अशी : जांभळं द्रव सौम्य, लहान स्क्रूंसाठी. निळं मध्यम, ६ ते २० मिलिमीटरच्या बोल्टांसाठी, साध्या पान्यानं उघडता येणारं. लाल जोरकस, कायम बसवायच्या जागी. हिरव्यातलं एक पातळ द्रव आधीच आवळलेल्या आट्यांत झिरपावं म्हणून असतं. पण रंग हा काही सरकारी नियम नव्हे. दुसऱ्या कंपनीचा लाल मध्यमही असू शकतो. म्हणून रंगापेक्षा बाटलीवरचा क्रमांक आणि ‘मध्यम’ की ‘जोरकस’ हे वाचावं.

मागच्या स्प्रॉकेटला काय लावायचं? गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये जे सांगितलं असेल ते. काही सांगितलं नसेल आणि द्रव लावायचं ठरवलंच असेल, तर मध्यम, म्हणजे निळं. कारणं तीन.

पहिलं, स्प्रॉकेट ही झिजणारी वस्तू आहे. साखळीबरोबर ते बदलावंच लागणार. जे उघडायचं आहे ते कायमचं चिकटवू नये.

दुसरं, जोरकस लाल द्रव सोडवायला बोल्ट सुमारे २५० अंशांपर्यंत तापवावा लागतो. मागच्या हबमध्ये शेजारीच रबरी गाद्या असतात, बेअरिंगचं ग्रीस असतं. पुढच्या स्प्रॉकेटमागं इंजिनच्या तेलाचं रबरी सील असतं. वाचवला बोल्ट आणि जाळलं सील, असा व्यवहार होतो.

तिसरं, बऱ्याच हबचे आटे ॲल्युमिनियमचे असतात. न तापवता जोर केला तर बोल्टाबरोबर ॲल्युमिनियमचे आटेच खरवडून बाहेर येतात, आणि शंभर रुपयांच्या कामाचं हब बदलण्याचं काम होतं.

पुढच्या, लहान स्प्रॉकेटचं वेगळं असतं. आपल्या नेहमीच्या १०० सीसीच्या अनेक गाड्यांत ते एका पट्टीनं आणि ६ मिलिमीटरच्या दोन छोट्या बोल्टांनी धरलेलं असतं. काही गाड्यांत मधोमध एकच मोठा नट आणि त्याखाली दुमडायची पत्री असते. पत्री असेल तिथं ती नवी घालावी. एकदा दुमडलेली परत वापरू नये. आणि जिथं नायलॉनची कडी असलेला लॉकनट आहे, तिथं द्रवाची गरज नसते. तो नटही दर वेळी नवाच हवा.

प्रत्यक्ष काम

आता क्रम सांगू.

१. जुने बोल्ट काढून आटे तपासा. मधेच बारीक झालेला किंवा आटे पिचलेला बोल्ट टाकून द्या. नवा घेताना डोक्यावरचा वर्ग जुन्याइतकाच बघा. आकार तोच म्हणून साध्या लोखंडाचा बोल्ट चालत नाही.

२. स्प्रॉकेट आणि हब जिथं टेकतात ती जागा तारेच्या ब्रशनं धातू दिसेपर्यंत साफ करा. मघाचा ०.०४ मिलिमीटरचा आकडा आठवा.

३. आटे धुवा, पण रॉकेल किंवा डिझेलनं नाही. ते वाळल्यावरही तेलाचा पापुद्रा मागं ठेवतात. ॲसिटोन किंवा ब्रेक क्लीनर वापरा आणि पूर्ण सुकू द्या. तेलावर द्रव नीट धरत नाही, आणि उपाधीही बदलते.

४. आरपार भोक असेल तर नट जिथं येणार तेवढ्याच आट्यांवर एक-दोन थेंब. तळ बंद असलेलं भोक असेल तर थेंब भोकाच्या आत टाका. नुसत्या बोल्टाला लावलं तर आत जाताना दबलेली हवा ते बाहेर ढकलते. द्रव प्लास्टिकच्या झाकणांवर सांडू देऊ नका. काही प्लास्टिकना त्यानं चिरा जातात.

५. सगळे बोल्ट आधी हातानं टेकवा. मग समोरासमोरच्या जोड्या घेऊन, आधी निम्म्या पिळानं आणि नंतर पूर्ण पिळानं आवळा. गोल फिरत एकापाठोपाठ आवळले तर चक्र तिरकं बसतं. हे सगळं द्रव ओलं असतानाच उरकायचं, कारण पोलादावर ते दहाएक मिनिटांत धरायला लागतं.

६. टॉर्क पाना सावकाश ओढा. एकदा ‘टक्’ झालं की थांबा. खात्रीसाठी पुन्हा दोनदा ‘टक् टक्’ करणारे पुष्कळ दिसतात. ती खात्री नव्हे, तो जास्तीचा पीळ आहे. काम झाल्यावर पाना त्याच्या सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवा.

७. बोल्टाचं डोकं आणि स्प्रॉकेट यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढा. गाडी शक्यतो २४ तास उभी ठेवा.

पीळ किती? पहिला मान मॅन्युअलचा. मॅन्युअलमध्ये ‘द्रव लावून इतका’ असं लिहिलं असेल तर तो आकडा द्रव धरूनच ठरवलेला आहे, त्यात आपली अक्कल मिसळू नये. आकडा कुठंच मिळत नसेल, तर ८.८ वर्गाच्या, स्वच्छ कोरड्या पोलादी आट्यांसाठी ढोबळ मानानं ६ मिलिमीटरला १०, ८ ला २५ आणि १० ला ५० न्यूटन-मीटर. ॲल्युमिनियमच्या आट्यांसाठी हे आकडे जसेच्या तसे वापरायचे नाहीत, तिथं मॅन्युअल मिळवावंच लागतं. आणि कोरड्याचा आकडा असताना आपण द्रव लावलं, तर द्रव थोडं वंगणाचंही काम करतं हे ध्यानात ठेवून, त्या द्रवाच्या माहितीपत्रकातला घर्षणगुणक बघून पीळ कमी करायचा. सुरुवातीला म्हटलं ना, द्रव आणि पीळ हा एकच प्रश्न आहे. तो हा असा.

प्रश्नोत्तरांतून

एका तरुण श्रोत्यानं विचारलं : पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत का?

द्रव लावलेलं असेल तर नाही. घट्ट झालेलं द्रव आवळतानाही तुटतं, आणि एकदा तुटलं की त्याचं काम संपलं. फक्त रंगाची रेघ पाहायची. ती अखंड असेल तर बोल्ट फिरलेला नाही. रेघ तुटली असेल तर बोल्ट काढून, साफ करून, पहिल्यापासून करायचं. आणि का फिरला याचा शोधही घ्यायचा. हबमधल्या रबरी गाद्या खिळखिळ्या झाल्या असतील, किंवा साखळी फार ताणलेली असेल, तर प्रत्येक हिसका थेट बोल्टांवर येतो.

दुसरा प्रश्न : स्प्रिंग वॉशर घातला तर द्रव कशाला?

युंकरच्या पद्धतीनं आडवे हिसके देणाऱ्या यंत्रावर साधा स्प्रिंग वॉशर फार वेळ टिकत नाही. बोल्ट पूर्ण आवळला की तो वॉशर सपाट होतो आणि साध्या वॉशरसारखाच वागतो. कंपनीनं दिला असेल तिथं ठेवा. पण तो आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

तिसरा प्रश्न एका ताईंचा होता : आम्ही गाडी गॅरेजला देतो, आम्हाला यातलं काय करता येईल?

तीन गोष्टी विचारता येतील. टेकण्याची जागा साफ केली का? टॉर्क पाना वापरला का, आणि कोणत्या आकड्यावर? रंगाची रेघ ओढली का? बहुतेक मिस्त्री हे राग न मानता सांगतात. विचारणारं कोणी असलं की पुढच्या वेळी न विचारताही करतात. आणि ती रेघ तर पेट्रोल भरायला थांबल्यावर खाली वाकून कुणालाही पाहता येते. त्याला पाना लागत नाही.

शेवटचं. न्यायशास्त्र अनुमान सोडून द्या असं कधी सांगत नाही. अनुमानाशिवाय माणसाचं पानही हलत नाही. ते सांगतं, की अनुमान करा, पण त्याची अट शोधून काढा आणि ती अट पूर्ण आहे ना ते बघा. गाणगापूरच्या रस्त्याला मागच्या सीटवर घरचं माणूस बसलेलं असताना, आटे स्वच्छ होते का, एवढा एक प्रश्न आधी विचारलेला बरा.